दगूबाईंचा डवला

माणसाने शाळेत जाताना तोंड घरी ठेवून जावं, हे मला शाळा सोडून वीस वर्षं झाल्यावर कळलं. श्रावणातली दुपार होती. हातात पितळी डबा, डब्यात तुपात न्हालेले चुरम्याचे लाडू, आणि मी आमच्या दत्तूला जेवू घालायला शाळेच्या ओट्यावर चढलो होतो. समोर पोरांची पंगत बसलेली. पळसाच्या पानांवर ज्वारीच्या कण्या आणि तुरीचं वरण. दगूबाई मास्तरीण हातात लाकडी डवला घेऊन वाढत होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “पाटीलभाऊ, बठ्ठा पोरसले पुरतीन ना?”

सगळ्या पोरांना पुरतील का, असं त्या विचारत होत्या. पंगतीतल्या साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. ‘हे फक्त माझ्या मुलासाठी आहेत’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण एवढ्या डोळ्यांसमोर ते बाहेर पडेना. मी म्हणालो, “पुरतील की.” एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मोठेपणाची उबळ आली की मला ती दाबता येत नाही. मी पुढे म्हणालो, “उद्याही आणतो.”

बाईंनी लगेच डबा घेतला, लाडू फोडले आणि सुपारीएवढा एकेक तुकडा पानापानावर ठेवला. दत्तूच्या पानावरही तेवढाच. तो माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी त्याला भर बाजारात सोडून निघालो होतो.

घरी येऊन मी मायला, म्हणजे माझ्या आईला, झालेलं सांगितलं. तिने ओचा खोचला आणि जातं धुवायला घेतलं. पाटलांच्या घरातून शब्द गेला होता, तो परत घ्यायचा नव्हता. माय आणि माझी बायको कमळा आठवडाभर साऱ्या शाळेसाठी लाडू वळत होत्या. तुपाची बरणी खरवडून झाली. म्हशीने मध्येच दूध चोरलं. आठव्या दिवशी मायने मला ताकाची घागर देऊन पाठवलं. ती पाहून बाई म्हणाल्या, “हाई चांगलं शे. लाडूपेक्षा हाई आना.” त्या दिवसापासून आमच्या घरचं ताक शाळेत जाऊ लागलं आणि लाडू घरी राहिले. मी हरलो होतो हे मला कळलं. पण कुठे हरलो, ते मात्र बरेच दिवस कळलं नाही.

दगूबाई मूळच्या धानोऱ्याकडच्या. नवरा लवकर गेला, त्या शिकल्या आणि मास्तरीण झाल्या. अंगाने काटक, रंगाने काळ्यासावळ्या, कपाळावर गोंदण. पांढरं लुगडं नेसत, पण त्यावर वरणाचे डाग इतके असत की त्याला पांढरं म्हणणं हा केवळ रिवाज होता. इतर मास्तर छडी बाळगतात, बाई डवला बाळगत. फळ्यावरची अक्षरं त्या डवल्याने दाखवीत, नकाशातली तापी डवल्याने गिरवीत, आणि दुपार झाली की तोच धुऊन हंड्यात घालीत. आमच्या पोरांना कितीतरी दिवस तापी नदी वरणातून निघते असं वाटत होतं.

त्या काळात आमचा भाग पश्चिम खानदेशात होता. साखर कारखान्याचं नुसतं बोलणं चाले. शहाद्याच्या मोठ्या शाळेत दुधाच्या भुकटीचे डबे येत म्हणे; तापीकाठच्या आमच्या गावापर्यंत त्या डब्यांची फक्त बातमी पोचे. बाईंनी वाट पाहिली नाही. ज्वारीची खळी लागली तशा त्या पोतं घेऊन खळ्याखळ्यावर गेल्या. सुताराला खळ्यावर माप मिळतं, कुंभाराला मिळतं, मग शाळेच्या हंड्याला का नको, असा त्यांचा सवाल होता. लोक हसले. बाई हलल्या नाहीत. खळ्याच्या कडेला पोतं अंथरून बसून राहिल्या. अखेर माप पडलं. आमच्या खळ्यावरून सगळ्यात जास्त पडलं, कारण माझी माय दुसऱ्याच्या मापापेक्षा आपलं माप मोठं असल्याशिवाय जेवत नसे.

हंडा चढला आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं. आमच्या गावात तापीकाठचे आम्ही गुजर शेतकरी, आणि आमच्या शेतांवर राबणारी भिल्लांची घरं. बाईंनी सगळी पोरं एका ओळीत बसवली. कुणी विचारलं, आमच्या पोरांची ओळ निराळी का नाही? कुणी सुचवलं, ज्याचं धान्य जास्त त्याच्या पोराला वाढा जास्त. बाईंनी डवला वर धरला. “मन्हा डवला कोन्हाच बापले वयखत नही.” माझा डवला कुणाच्याच बापाला ओळखत नाही. हे वाक्य पुढे गावात म्हणीसारखं झालं. बायका भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा ते वापरीत.

पंगतीचा त्यांचा दुसरा कायदा असा, की घरचा डबा आणायचा नाही. उपाशी पोराला एक डवला आणि भरल्या घरच्या पोराला एक डवला. कमी पडलं तर पुन्हा अर्धा, पण तो कुणाला द्यायचा हे बाई पोराच्या बरगड्या पाहून ठरवीत. दत्तूला तो अर्धा कधीही मिळाला नाही. कारण दत्तूच्या बरगड्या त्याच्या जन्मापासून कुणाच्या दृष्टीस पडलेल्या नव्हत्या.

आता दत्तूविषयी सांगतो. लग्नानंतर बरीच वर्षं आम्हाला मूल नव्हतं. मायने सारंगखेड्याच्या दत्ताला नवस बोलला, की नातू झाला तर तो चौथी पास होईपर्यंत दर यात्रेला त्याची गुळाची तुला करीन. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ. नातू झाला, नाव दत्तू ठेवलं. पहिल्या वर्षी चार भेलींत, म्हणजे लहान ढेपांत, भागलं. दुसऱ्या वर्षी गूळ वाढला, तिसऱ्या वर्षी आणखी वाढला, आणि हळूहळू मायच्या मनाने असं घेतलं की देवाला गेल्या वर्षीपेक्षा कमी गूळ देणं म्हणजे त्याचा अपमान. आता गूळ वाढायला हवा तर पोर वाढायला हवं. आणि पोर वाढवणं तर आमच्या हातात होतं. सकाळी तुपातला शिरा, दुपारी लाडू, संध्याकाळी मांडे आणि दूध, मध्ये केळ्याचं शिकरण. यात्रेत तराजूभोवती गर्दी जमे आणि लोक म्हणत, “खात्यापित्या घरचं पोर आहे.” तेव्हा दत्तूपेक्षा माझीच छाती फुगे. पोट तर बारा महिने फुगलेलं असे. माझ्या एका सदऱ्याला लागणाऱ्या कापडात शिंप्याच्या घरातले पडदे निघाले असते.

दत्तू चालत शाळेत जात नसे. शाळा नाल्यापलीकडे टेकाडावर होती. आमचा सालदार जाल्या त्याला खांद्यावर बसवून नेई. मागून जाल्याचा मुलगा बुध्या दोघांच्या पाट्या घेऊन पळे. दोघे एकाच वर्गात, एकाच वयाचे. एकाला बाप उचलून नेई आणि त्याच बापाचा स्वतःचा मुलगा पाट्या उचलून मागे धावे. हे आम्ही रोज पाहत होतो आणि आम्हाला त्यात काहीही दिसत नव्हतं. बाईंना पहिल्याच दिवशी दिसलं. त्यांनी त्यावर भाषण केलं नाही. नाल्याच्या काठी येऊन उभ्या राहिल्या आणि जाल्याला म्हणाल्या, “उतार त्याले.” जाल्याने उतरवलं. दत्तू रडत टेकाड चढला. वर पोचायला त्याला इतका वेळ लागला, की प्रार्थना त्याच्यासाठी दोनदा म्हणावी लागली.

मायच्या कानावर हे गेलं तेव्हा तिने एवढंच म्हटलं, की मास्तरीण पोराला दृष्ट लावतेय. पण खरी ठिणगी पडली ती पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत. पोरं झेंडा घेऊन गावातून निघाली. मारुतीच्या पारापर्यंत येता येता दत्तूचे ओठ निळसर झाले आणि तो मटकन खाली बसला. बाईंनी फेरी थांबवली, त्याला पाणी पाजलं, पारावर आडवं केलं. श्वास ताळ्यावर आला तसं त्याला हाताशी धरून त्या थेट आमच्या घरी आल्या.

मी तेव्हा शहाद्याला गेलो होतो, असं मी नंतर मायला सांगितलं. वस्तुस्थिती अशी, की मी गोठ्यात म्हशीच्या पलीकडे उभा होतो. म्हशीआड लपू शकणारा माणूस लहान नसतो, पण म्हैस मोठी होती.

ओट्यावर माय बसली होती. आमच्या घरात आपसात गुजरी बोलतात. पण भांडायचं झालं की माय अहिराणीत येई. भांडण गावाला कळलं पाहिजे, असं तिचं मत होतं.

बाई म्हणाल्या, “मावशी, लाडू तुम्हना शेत, पन दम पोऱ्याले लागस.”

माय म्हणाली, “आम्हना पोऱ्या खात्यापित्या घरना शे. तुन्हा डोयामा कसाले खुपस?”

“डोयामा नही खुपस. मी त्याले पारवर झोपाडीसन मंग लई उनू. तुम्ही तो निया पडेल देखा नही, मी देखा.” मी त्याला पारावर झोपवून मग घेऊन आले आहे, तुम्ही त्याला निळा पडलेला पाहिला नाहीत, मी पाहिला. बाईंचा आवाज चढला नव्हता. तेच जास्त भीतीदायक होतं. मग त्या म्हणाल्या, “हाऊ पोऱ्या देवले दिधा का गुळले?”

पोरगा देवाला दिलात की गुळाला, हा प्रश्न मायला कुणी विचारला नव्हता. ती उठून उभी राहिली. तिने स्पष्ट सांगितलं, की यंदाच्या तुलेत गूळ कमी भरला तर तो शाळेमुळे कमी भरला असं ती समजेल. आणि मग पुढच्या खळ्यावर शाळेच्या हंड्याला आमच्याकडून दाणाही मिळणार नाही. सगळ्यांना माहीत होतं, आमचं माप थांबलं की बाकीचेही थांबतील. हंडा उतरेल.

बाई म्हणाल्या, “एकनं पोट पुढे जास, तवय दुसरानं मांगे जास. मी हंडा उतारसू नही, मावशी.” आणि निघून गेल्या. जाताना गोठ्याकडे न पाहता बोलल्या, “पाटीलभाऊले सांगा, म्हैस तहानेल शे.”

त्यानंतरच मायने मला लाडवांचा डबा देऊन शाळेत पाठवलं होतं. त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

लाडू बंद झाले, ताक सुरू झालं, आणि दत्तूचं रोज दोन वेळा टेकाड चढणं-उतरणं चालूच राहिलं. आधी तो वाटेत बसे. बुध्या त्याच्याजवळ बसून राही, कारण दत्तूची पाटी त्याच्याकडे असे. मग बाईंनी पाटी ज्याची त्याने न्यायची असं फर्मान काढलं. हात मोकळे झाल्यावर बुध्या बसून राहीना, तो पुढे पळे आणि वरून खडे मारी. त्याला पकडायचं म्हणून दत्तू उठे. मोठमोठ्या वैद्यांना जे जमलं नसतं ते त्या खड्यांनी केलं. दिवाळीपर्यंत दोघे नाल्यात विटीदांडू खेळत होते. दत्तू हरे, चिडे, पण खेळे.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला नीट आठवते. दत्तू धुळीने माखून दारात आला आणि आईला म्हणाला, “भूक लागली.”

कमळा चुलीपुढे होती. तिचा हात थांबला. तिने त्याला पुन्हा म्हणायला लावलं. आठ वर्षांचं पोर, आणि त्याच्या तोंडून हे शब्द आम्ही कधी ऐकलेच नव्हते. भूक लागायला आम्ही त्याला सवडच दिली नव्हती. कमळाने त्याला भाकरी दिली, वर मिरचीचा ठेचा आणि कांदा. तूप दिलं नाही. तो मांडी घालून, मान खाली घालून जेवला, आणि ती पदराने डोळे टिपत त्याच्याकडे बघत राहिली. धूर आहे, म्हणाली. चूल तेव्हा चांगली पेटलेली होती.

मायला मात्र वेगळं दिसत होतं. दत्तूच्या गालाचा गोळा उतरला, गळ्याला गळा दिसू लागला, आणि तिला वाटलं पोर वाळलं. तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या, दंडाला ताईत बांधला, मला दहा वेळा ऐकवलं की बाप असा आडवा आणि पोर असं उभं, हे शोभत नाही. ती दुष्ट नव्हती. तिने स्वतःच्या लहानपणी दुष्काळ पाहिला होता. घरात भुकेलं पोर असणं ही तिच्या लेखी सगळ्यात मोठी नाचक्की होती. ती भीती तिला आयुष्यभर पुरली, आणि आमच्या हातून दत्तूच्या ताटात उतरली.

याच सुमारास माझा नवा सदरा हरवला. मांजरपाटाचा, यात्रेसाठी मुद्दाम शिवलेला. मी परटाला धरलं. तो शपथा घेत होता, मी तापत होतो, आणि कमळा शांतपणे म्हणत होती, “जाऊ द्या, येईल कुठून तरी.” तो आला नाही. मी यात्रेला जुनाच घालून गेलो, ज्याची गुंडी पोटावर लागत नव्हती.

सारंगखेड्याची यात्रा म्हणजे घोड्यांचा बाजार. नदीकाठी जिकडे तिकडे घोडे, धूळ, भज्यांचा वास. आम्ही दोन बैलगाड्या घेऊन गेलो. एकीत माणसं, दुसरीत गूळ. मायने गेल्या वर्षी लागल्या तेवढ्या भेली मोजून आणल्या होत्या आणि वर एक जास्त. तराजूपाशी आमची पाळी आली तशी तिने तोलणाऱ्याला सांगितलं, आधी गूळ ठेव. नेहमी आधी पोर बसतं, मग गूळ चढतो. पण मायला उलट हवं होतं. एकदा देवाच्या नावाने पारड्यात पडलेला गूळ परत काढायचा नाही, असा आमच्याकडे समज आहे. तिला वाटलं, सगळा गूळ आधी पडला की काही झालं तरी देवाला कमी जाणार नाही. हिशेब पक्का होता. त्यात फक्त पोराचं वजन धरायचं राहिलं होतं.

दत्तू दुसऱ्या पारड्यात बसला. पारडं हललं नाही. गूळ जमिनीला टेकलेला आणि दत्तू हवेत, पाय हलवत, घोड्यांकडे बघत. त्याला वरून छान दिसत होतं.

गर्दीत कुजबूज सुरू झाली, मग हसू. तोलणारा एक भेली उचलायला वाकला. मायने त्याचा हात धरला. देवाचा गूळ काढायचा नाही. मग करायचं काय? तुला पुरी झाल्याशिवाय पोर उतरवायचं नाही, आणि गूळ काढल्याशिवाय तुला पुरी होत नाही. मायचा चेहरा पांढरा पडला. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. नवस अपुरा राहिला तर देव पोर परत मागेल, ही भीती तिच्या डोळ्यांत उघडी होती.

बाप म्हणून मी पुढे झालो. म्हणालो, मीही बसतो दत्तूबरोबर. तोलणाऱ्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग वर तराजूच्या दांडीकडे पाहिलं आणि हात जोडले. “पाटील, दांडी देवाची आहे,” तो म्हणाला. त्यावर जे हसू उसळलं त्याने दोन घोडे बिथरले.

तेवढ्यात गर्दीतून दगूबाई पुढे आल्या. त्यांना यात्रेत पाहून मायचे ओठ आवळले. हंडा आता उतरणार हे मायच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि बाईंना ते वाचता येत होतं. त्यांच्या एका हाताला बुध्या होता. केस तेल लावून विंचरलेले, अंगात कोरा पांढरा सदरा.

बाई म्हणाल्या, “मावशी, देवले वजन जोयजे ना? मंग हाऊबी पोऱ्याच शे.”

हसणं थांबलं. सालदाराचं पोर, भिल्लाचं, पाटलाच्या नातवाशेजारी दत्ताच्या पारड्यात. मागे कुठेतरी जाल्या उभा होता. त्याने हात जोडलेले मला दिसले, पण तो पुढे आला नाही. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, हे चालायचं नाही. बाईंनी मान वळवून त्या दिशेला फक्त पाहिलं. डवला जवळ नव्हता, पण तो असल्यासारखं वाटलं.

माय बुध्याकडे पाहत होती. रोज तिच्या अंगणात येणारं पोर; तिने त्याला इतक्या वेळ कधी पाहिलं नसावं. तिने एकदम विचारलं, “काय खास रे तू?”

बुध्या घाबरला. त्याने बाईंकडे पाहिलं, मग खरं तेच सांगितलं. “शायमा कण्या खास.” शाळेत कण्या खातो. मग म्हणाला, “आनि तुम्हना लाडू खादा व्हता. गोड व्हता.”

मायच्या लाडवांना कुणी गोड म्हटलं की ती त्या माणसाचा कुठलाही गुन्हा माफ करी. पण तेवढंच नव्हतं. त्या लाडवाची आठवण या पोराने श्रावणापासून जपून ठेवली होती, हे तिला लागलं असावं. ती पुढे झाली, बुध्याच्या दंडाला धरलं, आणि तोलणाऱ्याला न विचारता त्याला दत्तूशेजारी बसवलं. “हालू नको,” म्हणाली.

पारडं खाली आलं. गूळ उचलला गेला. दांडी थरथरत राहिली आणि मग आडवी झाली. दत्तूने बुध्याला कोपराने ढोसलं, बुध्याने त्याला परत ढोसलं, दांडी पुन्हा हलली, आणि माय दोघांनाही ओरडली.

गूळ प्रसाद म्हणून वाटला, उरलेला मायने शाळेच्या हंड्याला दिला. बाईंनी तो नखाएवढा नखाएवढा करत उन्हाळ्यापर्यंत पुरवला. दत्तूला नखाएवढाच मिळाला.

गोष्ट इथे संपती तर गोड झाली असती. यात्रेहून आल्यावर गावातले काही जाणते चावडीवर जमले. देवाच्या तराजूत ते पोर चढवण्याची अक्कल कुणाची, असा सवाल झाला. बाईंना बोलावलं. मीही होतो. दारामागे बायका उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, “मन्ही.” माझी. दुसरा शब्द नाही. पुन्हा विचारलं, कुणी सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या, “मी कोन्हं ऐकस का?” त्यावर चौकशी संपली, कारण त्या कुणाचं ऐकत नाहीत ही गावाची जुनी तक्रार होती. अर्ज वर गेला. शाळेचं वर्ष सरता सरता बाईंची बदली सातपुड्यात, अक्राणीच्या डोंगरातल्या एका शाळेवर झाली.

त्या गेल्या त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर माय आली होती. मी म्हणालो, बाई, मी शहाद्याला जाऊन कुणाला भेटतो, बदली थांबवतो. त्यांनी माझ्याकडे त्याच नजरेने पाहिलं, जिने लाडवांच्या डब्याकडे पाहिलं होतं. “पाटीलभाऊ, उद्याबी आनसू म्हनशात आनि मंग पस्तावशात,” म्हणाल्या. उद्याही आणतो म्हणाल आणि मग पस्तावाल. मग मायकडे वळून म्हणाल्या, “डोंगरमा पोरे ऱ्हातस ना? मंग तठे बी डवला लागी.” एवढं म्हणून त्यांनी पिशवीतून आपला डवला काढला आणि मायच्या हातात दिला. नवा घेईन, म्हणाल्या. लाकूड डोंगरात पुष्कळ आहे.

मायने तो डवला घरी आणून देवघरात ठेवला असेल असं तुम्हाला वाटेल. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तो घेऊन टेकाड चढली. नवे मास्तर दारात उभे होते. तिने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि हंड्यापाशी बसली. तापीकाठच्या पाटलाची आई, सगळ्या पोरांना एका ओळीत, एकेक डवला. एकदा मी सहज गेलो आणि म्हणालो, माय, आज दत्तूची परीक्षा आहे, त्याला जरा तूप... तिने वर न पाहता सांगितलं, “मन्हा डवला कोन्हाच बापले वयखत नही.” इथे बाप मीच होतो.

माय जाईपर्यंत हंडा चढत राहिला. दत्तू पुढे धुळ्याला शेतकी शिकला, खो-खो खेळला. बुध्या सातवी करून गावात परत आला आणि त्याच शाळेच्या वाटेवर स्वतःच्या पोराला हाताला धरून नेतो. खांद्यावर घेत नाही.

मागच्या पावसाळ्यात धानोऱ्याहून निरोप आला, दगूबाई गेल्या. मी आणि कमळा दहाव्याला जाऊन आलो. डोंगरातून पुष्कळ माणसं आली होती. अनोळखी, उन्हात रापलेली, तरुण. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, तुम्ही कुठल्या शाळेचे? मी म्हणालो, मी विद्यार्थी नाही, मी लाडवांचा डबा घेऊन गेलो होतो. त्याला काहीच कळलं नाही.

घरी आल्यावर मी पाटावर बसलो आणि बाईंविषयी बोलत राहिलो. असं धाडस एखाद्यालाच असतं, म्हणालो. त्या तराजूपाशी ते सुचणं ही साधी गोष्ट नाही, म्हणालो. कमळा भाकरी थापत होती. तिने एक भाकरी तव्यावर टाकली.

“तुमचा तो सदरा परटाने नेला नव्हता,” ती म्हणाली. “त्यात बुध्याचे दोन झाले. भेली मोजताना मी पाहिल्या होत्या. यंदा पारडं उचलणार नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं. बाई यात्रेला यायच्या होत्या त्या मायशी भांडायला. मी म्हटलं, भांडू नका, बुध्याला घेऊन या. आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, असंही म्हटलं होतं. तर म्हणाल्या, ‘तुले आठेच ऱ्हानं शे. मन्हं काय, मी निघी जासू.’ मला इथेच राहायचं होतं, त्या निघून गेल्या.” तिने भाकरी तव्यावरून उतरवली आणि माझ्या ताटात टाकली. “जेवा आता. तूप शोधू नका, वाढलेलं नाही.”